यंदाच्या टुर्नामेंटला रिव्ह्यू नको!

सातरस्ता_अंपायर (धागाकर्ता):

आमच्या भागातल्या मंडळाची टेनिस बॉल टुर्नामेंट दर उन्हाळ्यात असते, तीही रात्रीची. सोलापूरच्या मे महिन्यात दिवसा खेळवायचं म्हणजे पोरांना भाजून काढणं. अलीकडे सामने यूट्यूबवर लाइव्ह जातात आणि यंदा कमिटीतल्या पोरांनी नवी टूम काढलीय: त्याच कॅमेऱ्यावर रिव्ह्यू ठेवायचा, म्हणजे अंपायरचा निर्णय पटला नाही तर व्हिडिओ बघून फेरतपासणी मागायची, प्रत्येक टीमला एक. मी विरोध केला तर ‘अण्णा, तुमचं काहीतरी सापडेल म्हणून घाबरताय’ असं तोंडावर म्हणाले. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. शिव्या घालायच्या तर खुशाल घाला.

गेल्या वर्षी एका रनआउटवरून गोंधळ झाला. रिव्ह्यूचा नियम नसतानाही दोन्ही कॅप्टन लॅपटॉपवाल्या पोराच्या डोक्यावर जाऊन उभे राहिले. मीही मागून पाहिलं. कॅमेरा साइटस्क्रीनच्या बाजूला मचाणावर, तिरका. एका फ्रेममध्ये बॅट क्रीजच्या बाहेर, बॉल कीपरच्या हातात, स्टंप उभे. पुढच्याच फ्रेममध्ये बॅट आत आणि मधला स्टंप आडवा. मधलं काही नाहीच! पोरं तीच दोन चित्रं मागे-पुढे, मागे-पुढे करत बसली. सेकंदाला तीस फ्रेमचा कॅमेरा. जीव तोडून पळणारा पोरगा सेकंदाला सात मीटर धरला तरी दोन फ्रेमच्या मध्ये तो वीतभर पुढे सरकतो. आणि वाद होता बोटभराचा.

शेवटी निर्णय माझाच राहिला. आधी तो एका टीमला पटला नव्हता, लॅपटॉप बघून झाल्यावर दोघांनाही पटला नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल, कशाचेही नियम घ्या, ते उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्या माणसासाठी लिहिलेत. त्यांना मिलिमीटरची फूटपट्टी लावली की खेळ वेगळाच होतो, आणि वाद मिटत नाही तो नाहीच. वरच्या पातळीवर एवढे महागडे कॅमेरे लावूनही हे सुटलेलं नाही, तर आपण मंडपवाल्याच्या मचाणावर चढून काय सोडवणार?

बाळीवेस_बबन:

काय बोललालाव अण्णा! २०११ च्या वर्ल्डकपची मोहालीची पाकिस्तानविरुद्धची सेमीफायनल विसरलात? अजमलच्या बॉलवर अंपायर इयान गोल्डने सचिनला पायचीत दिलं होतं, तेव्हा त्याच्या २३ रन होत्या. रिव्ह्यू घेतला, बॉल लेग स्टंपच्या बाहेर चाललेला दिसला आणि साहेबांनी ८५ केल्या. तेव्हा तुम्ही पण नाचला असाल की.

आणि २००८ ची सिडनी टेस्ट? सायमंड्सची कड लागलेली घरात बसून आम्हाला ऐकू आली, अंपायर बकनरला नाही आली. गड्याने नाबाद १६२ ठोकल्या. चूक ढळढळीत दिसत असताना डोळे झाकून बसायचं का बे? (तुम्हाला बे नाही अण्णा, जनरल बे.)

सातरस्ता_अंपायर:

नाचलो होतो, नाकारत नाही. पण सिडनीनंतर काही महिन्यांतच श्रीलंकेत आपल्याच टेस्ट सिरीजमध्ये रिव्ह्यूची चाचणी झाली, आणि त्यानंतर सगळ्यांत जास्त विरोध कोणी केला? आपल्याच बोर्डाने. बॉल ट्रॅकिंगसकटचा (बॉल पुढे कुठे गेला असता ते कॉम्प्युटरवर दाखवणारा) रिव्ह्यू द्विपक्षीय सिरीजमध्ये आपण २०१६ साली इंग्लंड इथे आलं तेव्हा मान्य केला.

आता तू दुसरी सेमीफायनल सांगायच्या आत मी हेडिंग्लेची २०१९ ची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया टेस्ट सांगतो. इंग्लंडला दोन रन हव्यात, शेवटची जोडी, लायनच्या बॉलवर स्टोक्स समोर सापडला. अंपायर जोएल विल्सनने नॉट आउट दिलं. ट्रॅकिंगमध्ये बॉल स्टंपवर. पण ऑस्ट्रेलियाने शेवटचा रिव्ह्यू थोडं आधी स्टोक्सच्या जोडीदारावर, लीचवर उधळून टाकला होता. चूक अख्ख्या जगाला दिसतेय, ती दुरुस्त करायचं यंत्र मैदानात हजर आहे, आणि कोटा संपला म्हणून चूक कायम. इंग्लंड एका विकेटने जिंकलं. बिनरिव्ह्यूच्या काळात लोक म्हणाले असते, अंपायर चुकला, चला पुढे. आता ती चूक दर वर्षी हायलाइट्समध्ये ट्रॅकिंगसकट दाखवतात.

चटणीभाकरी:

माझं मत रिव्ह्यूच्या बाजूने. एका रिव्ह्यूत अंडाभुर्जीची प्लेट आरामात संपते.

शिल्पा_जुळेसोलापूर:

मी कापडातले दोष कॅमेऱ्याने पकडायच्या मशिनवर काम करते, त्यामुळे यात थोडं डोकं चालतं. अंपायरकाका, तुमचं वीतभराचं गणित बरोबर आहे. टीव्हीवरच्या मॅचना कॅमेरे जास्त आणि वेगवान असतात, तिथे चूक कमी होते. पण शून्य होत नाही, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे.

पायचीतच्या रिव्ह्यूत बॉल पॅडला लागेपर्यंतचा रस्ता कॅमेऱ्यांनी पाहिलेला असतो. पुढचा रस्ता हा अंदाज. चांगला अंदाज, पण अंदाजच. म्हणून तर अंपायर्स कॉल ठेवलाय: मैदानातल्या अंपायरने नॉट आउट दिलं असेल तर निम्म्याहून जास्त बॉल स्टंपला लागताना दिसल्याशिवाय निर्णय फिरत नाही. लोकांना याचाच सगळ्यांत जास्त राग, की ‘लागतोय ना, मग आउट का नाही?’ माझ्या मते अख्ख्या सिस्टिममधली ही एकच प्रामाणिक जागा आहे. मशिन तिथे कबूल करतं की माझ्या पुढच्या सेंटीमीटरवर फार विसंबू नका. पण स्क्रीनवर दिसतं काय? गुळगुळीत रंगीत पट्टा आणि स्टंपला टेकलेला चकचकीत बॉल. कामावर आमच्या मशिनचा कोणताही आकडा ‘अधिक-उणे इतकं’ लिहिल्याशिवाय कोणी घेत नाही. टीव्हीवर ते अधिक-उणे कधी दाखवतात?

जानेवारी २०२२ ची केपटाउन टेस्ट आठवा. अश्विनच्या बॉलवर एल्गरला पायचीत दिलं, ट्रॅकिंगमध्ये बॉल स्टंपवरून गेला. निर्णय देणारे इरास्मस स्वतःच ‘हे अशक्य आहे’ असं पुटपुटताना माइकमध्ये ऐकू आले. आपले खेळाडू स्टंप माइकशी जाऊन भांडले. मशिन चूक होतं असं मी म्हणत नाही. उसळत्या पिचवर ते बरोबरही असेल. पण भांडायला समोर माणूस नव्हता, म्हणून ते मातीत रोवलेल्या माइकशी भांडले.

आणि मशिन चालू असल्याचा भरवसा माणसाला किती आंधळा करतो, त्याची दोन उदाहरणं. १७ जून २०२०, फुटबॉलची ॲस्टन व्हिला-शेफिल्ड युनायटेड मॅच. व्हिलाचा गोलकीपर बॉल छातीशी धरून गोलरेषेच्या आत गेला. पण खेळाडू आणि खांब आडवे आल्यामुळे गोललाइनच्या सातही कॅमेऱ्यांना बॉल दिसला नाही. गोल झाला की वाजणारं रेफरीचं घड्याळ वाजलं नाही, म्हणून गोल नाही. मॅच ०-०, आणि सीझनच्या शेवटी व्हिला एका गुणाने खालच्या लीगमध्ये जायची वाचली. दुसरं विम्बल्डन २०२५. त्याच वर्षी रेषेवरची माणसं कायमची काढली होती. सेंटर कोर्टवर पाव्ल्युचेन्कोव्हाच्या मॅचमध्ये सिस्टिम चुकून बंद राहिली. बॉल चांगला बाहेर पडला, पण खुर्चीवरचा अंपायर स्वतः ‘आउट’ म्हणाला नाही. पॉइंट परत खेळवला. समोर बसलेल्या माणसाला डोळे होते की!

मोहोळचा_भाचा:

क्रिकेट-टेनिस ठीक आहे, कुस्तीचं बोला. २०२३ च्या जानेवारीत कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली. माती विभागाची फायनल, आमच्या मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड. दोन्ही पोरं आपल्याच जिल्ह्याची. महेंद्रच्या बाहेरच्या टांगेच्या डावाला चार गुण दिले आणि तिथून जे पेटलं ते आठवडाभर विझलं नाही. पाठ धोक्यात गेली होती का, चार द्यायचे की दोन, यावर जन्मात लंगोट न बांधलेली माणसं बोलत होती. माझ्या मोबाइलवर तीच टांग किती ग्रुपमधून आली विचारू नका. एकात सिकंदरच्या खांद्याभोवती लाल गोल, दुसऱ्यात महेंद्रच्या पायाभोवती, तिसऱ्यात इतकं स्लो केलेलं की डाव आहे का मिठी तेच कळेना. व्हिडिओ एकच! मोहोळमध्ये त्यात एक दिसायचं, मंगळवेढ्यात दुसरं.

पण अण्णा, मी पूर्ण तुमच्या बाजूने नाही. २०२५ ला अहिल्यानगरला काय झालं? शिवराज राक्षेला चितपट दिलं. तो म्हणाला खांदे टेकले नाहीत, व्हिडिओ बघा. कोणी ऐकलं नाही, आणि त्याने पंचाला लाथ मारली. फायनलला आपला महेंद्र शेवटच्या काही सेकंदांत निर्णयावर चिडून कुस्ती सोडून गेला. दोघांनाही तीन-तीन वर्षं बंदी. लाथेचं समर्थन कोणी वस्ताद करणार नाही. पण तिथल्या तिथे बघायची सोय असती तर कदाचित पाय उचलला नसता.

आंतरराष्ट्रीय कुस्तीतला चॅलेंज मला बरा वाटतो. कोच मॅटवर स्पंजचा ठोकळा टाकतो, पंच व्हिडिओ बघतात, आणि चॅलेंज फसला तर समोरच्याला एक गुण. फुकटची बोंब बंद.

कबड्डी_कन्नाचौक:

व्हिडिओने वाद मिटतो म्हणणाऱ्यांनी ७ ऑक्टोबर २०२३ ची एशियन गेम्सची फायनल परत बघावी. हांगझोऊ, भारत-इराण, २८-२८. पवन सेहरावतची करो या मरोची चढाई. कोणाला न शिवता तो लॉबीत (मॅटच्या कडेच्या पट्टीत) गेला आणि त्याच्या मागे इराणचे बचावपटूही लॉबीत आले. एका नियमाने फक्त पवन बाद, दुसऱ्या नियमाने मागून आलेलेही बाद. पंचांनी रिप्ले पाहिले. निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे. दोन्ही टीम मॅटवर ठिय्या देऊन बसल्या. जवळपास तासभर खेळ बंद. शेवटी आपण ३३-२९ जिंकलो, पण त्या तासाभरात फायनलची मजा गेली ती गेलीच.

कोण कुठे गेलं हे व्हिडिओत स्वच्छ दिसत होतं. भांडण कोणता नियम लावायचा याचं होतं, आणि ते कॅमेऱ्याला कसं दिसणार?

आमच्या कन्ना चौकाकडच्या सामन्यांतही आता तेच. बोनसवर हात वर करायच्या आधी पोरं प्रेक्षकांतल्या मोबाइलवाल्याकडे बघतात. पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला त्या क्षणी मागचा हवेत होता का, हे बघायला पंच रेषेशी वाकून उभा असतो. गॅलरीतून वरून घेतलेल्या व्हिडिओत मागचा पाय नेहमीच हवेत असल्यासारखा दिसतो. सांगून सांगून दमलो.

लालजर्सी_अक्कलकोटरोड:

फुटबॉलवाले इथे कमी आहेत, तरी लिहितो. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम-लिव्हरपूल. लुईस डियाझचा गोल लाइन्समनने ऑफसाइड म्हणून नाकारला. व्हीएआरच्या (व्हिडिओवर निर्णय तपासणाऱ्या पंचांच्या) खोलीतल्यांनी रेषा मारल्या, गोल बरोबर होता. पण त्यांचा समज असा की मैदानात गोल दिलेलाच आहे, म्हणून त्यांनी ‘चेक कम्प्लीट’ सांगून टाकलं. खेळ सुरू झाला. काही सेकंदांत चूक लक्षात आली, पण नियमाने मागे जाता येईना. नंतर ते रेकॉर्डिंग बाहेर आलं, ऐकवत नाही. आम्ही लिव्हरपूलवाले २-१ हरलो. यंत्राने उत्तर बरोबर दिलं होतं, ते दोन माणसांच्या मध्ये हरवलं.

त्याहून मोठं नुकसान म्हणजे गोल झाल्यावर ओरडायची सोय राहिली नाही. रात्री दीडला घरचे झोपलेले असताना उशी तोंडात धरून ओरडायचं, आणि तीन मिनिटांनी कळायचं की कोणाची तरी काख ऑफसाइड होती. स्वीडनमध्ये क्लबची मालकी बहुतांश सभासद प्रेक्षकांकडे असते. त्यांनी व्हीएआर येऊच दिलं नाही. उलट इंग्लंडमध्ये २०२४ ला वूल्व्हजने ते बंद करायचा ठराव मांडला तर बाकीच्या १९ क्लबनी विरोधात मत दिलं. प्रेक्षकांना कोणी विचारलंच नाही.

खोखोवाली_आई:

तुम्ही सगळे टीव्हीवरच्या मॅचबद्दल बोलताय. माझी मुलगी खो-खो खेळते. एका स्पर्धेत ती खांबावर पूर्ण सूर मारून सुटली होती, आणि पंचांनी बाद दिलं. पंच कोण, तर समोरच्या संघाच्या गावचे. आम्ही मोबाइलवर शूटिंग केलं होतं, ते त्यांनी बघायलाही नकार दिला. ‘पंचाचा निर्णय अंतिम’ हे वाक्य ज्याचा पंच ओळखीचा त्यालाच गोड लागतं. आमच्यासारख्यांना त्या मोबाइलशिवाय कोण आहे? तुमचा विरोध समजतो, पण कॅमेरा नको म्हणणाऱ्यांत जुने पंचच का पुढे असतात, याचाही विचार करा.

सातरस्ता_अंपायर:

ताई, या धाग्यावरचा सगळ्यांत वजनदार मुद्दा तुमचा आहे. पण तुमच्या मुलीच्या बाबतीत डोळ्याची चूक नव्हती, हेतूची होती. त्या पंचाच्या हातात रिप्ले दिला असता तर त्याने तोही आपल्याला हवा तसाच वाचला असता. वर मोहोळच्या भाच्याने सांगितलंच, एकाच व्हिडिओत दोन गावांना दोन कुस्त्या दिसल्या.

यावरचा इलाज क्रिकेटने कॅमेऱ्याच्या आधीच शोधला होता. १९८६ साली इम्रानच्या आग्रहाने लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज टेस्टला दोन भारतीय अंपायर नेले, आपले पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामास्वामी. पाकिस्तानात, भारतीय अंपायर! पुढे १९९४ पासून प्रत्येक टेस्टला एक आणि २००२ पासून दोन्ही तटस्थ अंपायर आले. आपल्याकडे त्यासाठी तंत्रज्ञान लागत नाही. पंढरपूरच्या सामन्याला बार्शीचे पंच बोलवा, बार्शीच्या सामन्याला अक्कलकोटचे. एसटीचं भाडं आणि मानधन द्यायची तयारी हवी. कॅमेऱ्याला स्पॉन्सर मिळतो, पंचाच्या भाड्याला मिळत नाही, ही खरी रड आहे.

लेगबिफोर:

नियम बदलतो या मूळ मुद्द्यावर भर घालतो. रनआउटमध्ये बॅट क्रीजच्या आत एकदा टेकून पुन्हा हवेत उसळली आणि त्याच क्षणी बेल्स उडाल्या, तर पूर्वी कोणाला दिसायचंच नाही. स्लो मोशन आल्यावर फलंदाज असे बाद व्हायला लागले. पोचलेला माणूस बाद! शेवटी २०१७ ला क्रिकेटचे कायदे लिहिणाऱ्या एमसीसीला कायदाच बदलावा लागला की पळत येताना एकदा आत टेकल्यावर बॅट उसळली तरी नाबाद. कॅमेऱ्याने एक प्रश्न जन्माला घातला आणि कायद्याने तो निस्तरला.

ॲथलेटिक्समध्ये तर कमाल आहे. बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत हललात तर फॉल्स स्टार्ट. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत डेव्हन ॲलन ०.०९९ ला हलला म्हणून अडथळ्यांच्या फायनलमधून बाहेर. तेही त्याच्या कॉलेजच्या ओरेगॉनमध्ये. सेकंदाचा हजारावा भाग! हे कोणत्या स्टार्टरच्या डोळ्याला दिसलं असतं, आणि त्यात फायदा तरी कोणता झाला असता?

मात्र बबनच्या बाजूने एक सांगतो. पॅड पुढे टाकून स्पिनरला दिवसभर वैताग देणारी बॅटिंग डीआरएसने, म्हणजे याच रिव्ह्यूने संपवली. पुढचा पाय लांब टाकला की अंपायर शंकेचा फायदा द्यायचे. आता बॅट लावावीच लागते. ते बघायला मजा येते, खोटं का बोलू.

बाळीवेस_बबन:

धन्यवाद लेगबिफोरभाऊ, कोणीतरी माणसात आहे.

पार्कवरचा_प्रेक्षक:

अंपायरांचं काय होतंय तेही बघा. आंतरराष्ट्रीय सामन्यांत आता पुढच्या पायाचा नो-बॉल थर्ड अंपायर बघतो. रनआउटला तर फलंदाज हातभर आत असला तरी चौकोन काढून वर पाठवतात. कारण साधं आहे. वर पाठवलं तर कोणी बोलत नाही, स्वतः दिलं आणि चुकलं तर रात्रभर टीव्हीवर धुलाई.

जानेवारी २०२४ ला आपल्या पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला. रणजीच्या साखळी सामन्यांना डीआरएस नसतो, त्यामुळे अपील झालं की सगळं मैदान एका माणसाच्या बोटाकडे बघतं. शेजारी बसलेला कॉलेजचा पोरगा मला विचारत होता, ‘काका, रिप्ले कुठं लावणार?’ बॉल पडताना तो मोबाइलमध्ये होता. रिप्ले येणारच या भरवशावर बॉल बघायचंच सोडलंय या पोरांनी.

बाळीवेस_बबन:

बरं अण्णा, रविवारी कमिटीची मीटिंग आहे. तुम्ही येणार नसाल तर आम्ही रिव्ह्यू पास करून टाकू. येणार असाल तर नुसतं नको-नको करू नका, काय चालेल ते सांगा.

सातरस्ता_अंपायर:

येतो. रिव्ह्यू फक्त रनआउट आणि स्टंपिंगचा. पायचीत आपल्याकडे नाहीच, कॅचबिच काही नाही. कॅमेरा क्रीजच्या थेट रेषेत, दोन्ही टोकांना एकेक, आणि सेकंदाला निदान साठ फ्रेमचा. सगळा व्हिडिओ पंच एकटा बघणार, कॅप्टन लॅपटॉपपासून लांब. एका मिनिटात दिसलं नाही तर आधीचा निर्णय कायम. आणि सेमी-फायनलला पंच बाहेरच्या तालुक्याचे, भाडं कमिटीच्या खिशातून. एवढं लिहून द्या, मी स्वतः पहिल्या मॅचला उभा राहतो.

शिल्पा_जुळेसोलापूर:

काका, कॅमेरा स्टंपच्या उंचीवर ठेवा, मचाणावर नको. आणि लाइटच्या खांबाकडे तोंड करून तर अजिबात नको, रबरी बॉल दिसणारच नाही.

बाळीवेस_बबन:

बाकी सगळं मंजूर होईल अण्णा, पण क्रीजच्या रेषेत एका बाजूला स्पॉन्सरचा वीस फुटी फ्लेक्स असतो आणि दुसऱ्या बाजूला पाहुण्यांचं स्टेज. नगरसेवक बसतात तिथं. त्यांना उठवून ट्रायपॉड कोण ठेवणार, तेवढं रविवारी सांगा.